स्वभावाला औषध कशाला?

आम्हाला लक्ष्मीबाई नगरातले क्वार्टर मिळाले तेव्हा माझे सासरे गमतीने म्हणाले होते, ''जवळच सरोजिनी, पलीकडे नेताजी, तिकडे नौरोजी आणि तुम्ही राहणार झाशीच्या राणीच्या वसाहतीत! एवढ्या थोरामोठ्यांच्या शेजारात पोरांना आपण लहान आहोत असे वाटले नाही म्हणजे मिळवली!''

सासऱ्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले; पण सरकारी वसाहतीत राहिलेल्यांना त्यातली मेख कळेल. तिथे घराला 'टाइप' असतो आणि तो नोकरदाराच्या पगारावरून, हुद्द्यावरून ठरतो. कुणाचे वडील काय आहेत हे विचारायची गरजच पडत नाही. घराचा नंबर सांगितला की समोरच्याला कळते. आमच्या वसाहतीतली पाचवीतली पोरेसुद्धा एकमेकांना ''तुझा टाइप कोणता?'' असे विचारत. माणसाची किंमत बाहेरून लावायची सवय आम्हा सर्वांनाच अशी हळूहळू लागते आणि लागली आहे हे कळतही नाही.

ही सवय माझ्या घरात काय करते आहे ते मला २०१८ च्या जुलैमध्ये दिसले.

त्या वर्षी आमच्या घरात दोन परीक्षार्थी होते. एक माझा मुलगा आणि दुसरी माझी भाची. ती साताऱ्याकडून यूपीएससीच्या तयारीसाठी आली होती. बाल्कनी बंद करून केलेली चिंचोळी खोली आम्ही तिला दिली होती. आय.एन.ए.हून मेट्रो पकडून दोघे राजेंद्रनगरच्या क्लासला जात. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि दोघांचेही नंबर यादीत नव्हते.

मुलाने ''चला, सुटलो!'' म्हटले, संध्याकाळी मित्रांबरोबर छोले-भटुरे खाल्ले आणि कूलरसमोर आडवा पडून घोरायला लागला. भाचीने मात्र आधी सगळी भांडी घासली. मग गॅसची शेगडी घासली, मग ओटा, मग परत भांडी. रात्री मी तिच्या खोलीत डोकावले तर ती अंधारात बसून होती. मला म्हणाली, ''मावशी, मी उगाच तुझ्या घरातली जागा अडवून बसले आहे. मी जाते परत.''

आणि मी काय केले? मी म्हटले, ''अगं, त्याच्याकडे बघ जरा! त्याचाही नंबर नाही आला. तो बसलाय का असं तोंड पाडून? इतकं काय मनाला लावून घ्यायचं!''

वाचकहो, हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी म्हटले असेल. मला वाटले, मी धीर देते आहे. प्रत्यक्षात, आधीच एका परीक्षेत नापास झालेल्या मुलीला मी दुसऱ्या परीक्षेतही नापास करत होते. त्या परीक्षेचे नाव 'स्वभाव'! त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढेच बोलली.

भोंगा आणि किंमत

आज इतक्या वर्षांनी आणि थोडेफार वाचन झाल्यावर मला कळते, की मी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत होते.

पहिली गोष्ट म्हणजे उपजत स्वभाव. काही माणसांच्या मनात धोक्याचा भोंगा लवकर वाजतो, मोठ्याने वाजतो आणि बंद व्हायला वेळ लागतो. काळजी, खंत, अपराधी वाटणे, लगेच डोळ्यांत पाणी येणे या सगळ्याकडे असलेल्या कलाला मानसशास्त्रज्ञ 'न्यूरोटिसिझम' म्हणतात. शब्द भयंकर वाटतो, पण हा आजार नव्हे. उंची जशी कुणाची कमी, कुणाची जास्त, तसा हा गुण प्रत्येकात कमी-अधिक असतो. लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी माणसाचे व्यक्तिमत्त्व मोजण्याच्या ज्या मोजपट्ट्या मांडल्या, त्यांतली ही एक महत्त्वाची पट्टी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते, की या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला जवळजवळ निम्मा अनुवंशाचा असतो.

हार्वर्ड विद्यापीठाचे जेरोम केगन यांनी चार-चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांना नवी खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचांतले साधारण एक बाळ हातपाय झाडून रडू लागे. ही बाळे पुढे लाजरी, सावध होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त निघाली. पण त्यातली सगळीच भित्री झाली का? नाही. बरीचशी मोठेपणी चारचौघांसारखीच वागू लागली. हे वाचले तेव्हा मला माझ्या बहिणीची तक्रार आठवली. ती म्हणायची, ''हिला कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं!'' तेव्हा भाची सहा महिन्यांचीही नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे आत्मसन्मान. आपण माणूस म्हणून कितपत मोलाचे आहोत याबद्दलचे आपले स्वत:चे मत. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली दहा साध्या विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आजही जगभर आत्मसन्मान मोजायला मुख्यत: तीच वापरतात. यातला भोंगा आपण बऱ्याच अंशी जन्मत: घेऊन येतो. किंमत मात्र आपण बरीचशी घरात, शाळेत, शेजारात, निकालाच्या यादीसमोर उभे राहून शिकतो.

सोप्या भाषेत हे दोन निराळे प्रश्न आहेत. 'मला लवकर भीती वाटते का?' हा पहिला. 'भीती वाटली म्हणून मी कमी प्रतीचा माणूस ठरतो का?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' असले तरी दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असू शकते.

पण दोन्ही बरोबरच का दिसतात?

कारण त्यांचे नाते खरोखरच जवळचे आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सव्वातीन लाखांहून अधिक लोकांची उत्तरे तपासली गेली. ज्यांचे मन स्थिर, त्यांचा आत्मसन्मान जास्त आणि ज्यांचे मन चटकन क्षुब्ध होते, त्यांचा कमी असे स्पष्ट दिसले. संख्याशास्त्राच्या भाषेत हा संबंध ०.५० होता. मनाच्या अभ्यासात एवढा संबंध मोठाच म्हणायचा. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. लोकांच्या आत्मसन्मानात जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्साच या एका गुणाशी जोडता येतो. उरलेला पाऊण हिस्सा इतर गोष्टींचा.

दोन्ही गोष्टी जोडल्या कशा जातात, हे मी भाचीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले. भोंगा वाजतो. पोटात गोळा येतो, झोप उडते. आजूबाजूची माणसे शांत दिसतात. मग मन विचारते, 'यांना काही होत नाही, मलाच का होते?' आणि स्वत:च उत्तर देते, 'माझ्यातच काहीतरी कमी आहे.' हे उत्तर पाठ झाले, की पुढच्या वेळी भोंगा आणखी लवकर वाजतो. त्यात घरातले कुणी 'त्याच्याकडे बघ' म्हणाले, की त्या उत्तरावर शिक्काच बसतो. त्या दिवशी तो शिक्का माझ्या हातात होता.

आणि परीक्षा तरी कशी? २०१८ च्या नागरी सेवा परीक्षेला साडेदहा लाखांहून जास्त अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला पाच लाखांच्या आसपास मुले बसली. त्यातली दहा हजारांवर मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचली आणि शेवटी शिफारस झाली ती ७५९ जणांची! एवढ्या अरुंद दारातून आत गेलेल्यांनाच लायक म्हणायचे, तर बाकीच्या लाखो मुलांनी तोंड कुठे लपवायचे?

जो घोरत होता त्याचे काय?

आता माझ्या दुसऱ्या चुकीबद्दल सांगते. ती जास्त मोठी होती.

भाचीची काळजी करता करता मुलाकडे माझे लक्षच नव्हते. तो तर मजेत! पुढच्या परीक्षेचे अर्ज २०१९ च्या मार्चमध्ये बंद व्हायचे होते. भाचीने अर्ज भरला. भरताना तिचा हात थरथरत होता, चारदा तपासला, पण भरला. मुलाला विचारले तर म्हणाला, ''बघू गं पुढच्या वर्षी.'' मग हळूहळू कळले, की कित्येक आठवडे तो क्लासला गेलेलाच नव्हता. घरून डबा घेऊन निघायचा आणि लोदी गार्डनमध्ये बसून परत यायचा.

हे रागावणार होते, मी अडवले. रात्री सगळे झोपल्यावर त्याच्यापाशी जाऊन बसले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ''आई, गेल्या वर्षी मी मनापासून अभ्यासच केला नव्हता. म्हणून नापास झालो, तर ते बरं होतं. मनापासून करून नापास झालो असतो, तर मग काय उरलं असतं?''

त्या रात्री माझे डोळे उघडले. माझ्या मुलाचा भोंगा मुळात हळू वाजणारा. त्याला झोप येते, भूक लागते, विनोद सुचतात. म्हणून आम्ही धरून चाललो होतो, की त्याला स्वत:बद्दल खात्री आहे. ती नव्हतीच. त्याने स्वत:ची किंमत निकालाच्या यादीवर टांगून ठेवली होती आणि ती पडू नये म्हणून यादीसमोर जायचेच टाळत होता. अपयशाला आधीच निमित्त तयार ठेवण्याच्या या धडपडीचे बर्गलास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली वर्णन केले आहे. माणूस स्वत:च आपल्या पायात खोडा घालतो, म्हणजे हरल्यावर दोष खोड्याला देता येतो!

म्हणजे जी रडत होती, तिच्या आत कुठेतरी जमीन घट्ट होती. घाबरत का होईना, ती पुन्हा उभी राहिली. जो घोरत होता, त्याच्या पायाखालची जमीन भुसभुशीत होती. स्वभाव वरून दिसतो. आत्मसन्मान दिसत नाही. शांत मुलाला काही लागत नाही असे समजू नका आणि हळव्या मुलीला कणा नाही असेही समजू नका.

उद्यानातला तरुण

मला सगळ्यात उपयोगी पडला तो अल्बर्ट एलिस यांचा विचार. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी तो आपल्याकडे आणला आणि अनेक वर्षे नेटाने शिकवला. ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णी यांची आय.पी.एच. ही संस्थाही १९९० पासून मनाच्या आरोग्याचे काम करते आहे आणि तिच्या कामातही हा विचार भेटतो.

एलिस स्वत: तरुणपणी कमालीचे लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वत:लाच एक काम नेमून दिले. न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली, की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. काहीजणी उठून गेल्या, पण सुमारे शंभरजणींशी ते बोलले. भेटायचे कबूल केले एकीने आणि तीही आली नाही! हिशेबाने पाहिले तर साफ अपयश. पण एलिस यांनी वेगळाच हिशेब मांडला. नकार मिळाला म्हणून आकाश कोसळले नाही आणि आपण माणूस म्हणून कमीही झालो नाही. भीती तशीच घेऊन ते गेले आणि जाता जाता ती ओसरली.

पुढे त्यांनी आयुष्यभर हेच सांगितले, की कामाला गुण द्या, माणसाला देऊ नका. 'माझा पेपर वाईट गेला' हे खरे असू शकते. 'मी वाईट' हे खरे ठरवता येत नाही, कारण एक अख्खा माणूस कोणत्याच तराजूत मावत नाही. 'मी यशस्वी आहे म्हणून चांगला' या आत्मसन्मानावरही त्यांचा विश्वास नव्हता, कारण यश गेले की तोही जातो. त्यापेक्षा कोणतीही अट न घालता स्वत:चा स्वीकार करा, असे ते म्हणत.

याचा प्रत्यय आम्हाला घरातच आला. हे २०१९ च्या अखेरीस निवृत्त झाले. सरकारी घर ठराविक मुदतीत सोडावे लागते. दारावरची नावाची पाटी काढताना, जन्मात कधी कशाची काळजी न केलेला हा माणूस ती पाटी हातात घेऊन कितीतरी वेळ जिन्यात बसून राहिला. भाचीच त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, ''काका, पाटी नव्या घराला लावू ना! हुद्दा नको, नुसतं नाव.'' घरात सगळ्यांत हळवी तीच. म्हणूनच बाकीच्यांना जे दिसले नाही ते तिला आधी दिसले. हळवेपणाची ही दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी.

घरच्यांनी काय करावे?

न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून १३३ मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांना आढळले, की मूल कसे घडेल हे नुसत्या स्वभावावर ठरत नाही. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरेच अवलंबून असते. तेव्हा मी माझ्या अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, तुलना बंद. 'त्याच्याकडे बघ' हे वाक्य घरातून हद्दपार करा. चांगल्या हेतूने म्हटले तरी ते लागतेच.

दुसरी, भावनेला नाव द्या, माणसाला नाही. 'तू भित्रीच आहेस' असे म्हणण्याऐवजी 'तुला आता भीती वाटते आहे' असे म्हणा. पहिल्या वाक्यात जन्मठेप आहे. दुसऱ्यातली भीती तासाभराने जाऊ शकते.

तिसरी, खोटी वाहवा नको. 'तू तर हुशारच आहेस, तुझं सिलेक्शन होणारच' या शब्दांनी ओझे वाढते. केलेल्या कामाबद्दल नेमके बोला. 'रोज सहाला उठून तू वाचन केलंस' हे खरे आहे, म्हणून ते टिकते.

चौथी, भीती जाण्याची वाट पाहू नका. छोटे पाऊल उचलायला सोबत करा. भाची मुलाखतीच्या सरावाला जायला घाबरायची, म्हणून मी तिला आय.एन.ए. मार्केटमध्ये भाव करायला पाठवू लागले. पहिल्या दिवशी सांगेल त्या भावाला भेंडी घेऊन आली! महिन्याभराने भाजीवाला मला म्हणाला, ''बहनजी, अब आप ही आया करो।''

आणि धीर धरा. विशीतल्या मुलांच्या आईबापांसाठी ही खरी आनंदाची बातमी आहे. २००६ साली ९२ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की वीस ते चाळीस या वयात माणसाचे मन सरासरीने अधिक स्थिर होत जाते. आत्मसन्मानही तरुणपणापासून पुढे बरीच वर्षे वाढत राहतो. उपचारांनी स्वभावात फरक पडतो का, हे पाहणारे २०७ अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले गेले. त्यांतल्या उपचारांचा सरासरी काळ होता २४ आठवडे आणि सगळ्यात जास्त बदल दिसला तो मनाच्या स्थैर्यातच. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण म्हणजे पूर्ण सत्य नव्हे.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, बोलणे मंदावले असेल, कशातच रस उरला नसेल, 'मी नसते तर बरे झाले असते' असे शब्द कानावर आले, तर तो स्वभाव समजून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. आमच्या वेळी ही सोय नव्हती. नाहीतर 'मी जाते परत' म्हणणाऱ्या मुलीला मी आधी हा नंबर दिला असता आणि माझे भाषण नंतर.

दोघांचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. दोघेही साहेब झाले नाहीत. भाचीने आणखी दोनदा परीक्षा दिली आणि आता ती साताऱ्याला मुलांना शिकवते. मुलगा एका कंपनीत आहे. हल्ली तो एखाद्या गोष्टीला 'जमणार नाही' म्हणण्याआधी निदान एकदा मनापासून करून बघतो.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. तिला तालुक्याच्या सभेत दोनशे माणसांसमोर बोलायचे होते. मी विचारले, ''मग? भीती नाही ना वाटली?''

''वाटली की! रात्री तीनलाच जाग आली. पोटात गोळा. पण मावशी, गोळा घेऊनच गेले आणि बोलले.''

मी या वेळी कुणाकडे बघायला सांगितले नाही. फक्त म्हटले, ''काय बोललीस ते सांग.''